सामाईक डेटा मॉडेल बनवताना या चुका टाळा

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे कांदाभाव, शेतकऱ्यांच्या प्लॉटच्या नोंदी आणि हवामान एकाच मॉडेलमध्ये आणायला बसलं, की आधी गाडी अडते ती "कांदा" या शब्दावर.

"हे म्हणजे तेच" असं जोडून टाकणं

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. सरकारी तक्त्यात खरीप, लेट खरीप, रब्बी. शेतकऱ्याच्या तोंडी पोळ, रांगडा, उन्हाळ. इथवर जोड्या जुळतात. लिलावात मात्र बोली होते "लाल" आणि "उन्हाळ" अशी, आणि लालमध्ये पोळही येतो, रांगडाही. घाईत कुणी लाल म्हणजे खरीप असं जोडलं, तर फेब्रुवारीतला रांगडा खरिपाच्या खात्यात जाऊन बसतो.

ओडब्ल्यूएल (माहितीतले अर्थ आणि संबंध संगणकाला कळतील असे लिहिण्याची भाषा) यातला "सेम-अ‍ॅज" हा "दोन्ही एकच" म्हणणारा संबंध तर फार कडक आहे. एकाबद्दल जे खरं, ते सगळं दुसऱ्याबद्दलही खरं धरलं जातं, आणि हे साखळीने पुढे सरकतं. लाल म्हणजे पोळ, लाल म्हणजे रांगडा असं दोन जणांनी वेगवेगळं लिहिलं, की पोळ आणि रांगडा एकच ठरतात; एररही येत नाही. अशा वर्गनामांसाठी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं २००९ चं स्कॉस हे शब्दसूच्यांसाठीचं मानक वापरा. त्यात "अगदी तेच", "जवळचं", "याहून व्यापक" असे वेगळे संबंध आहेत, आणि "जवळचं" हा संबंध मुद्दामच साखळीने पुढे जात नाही. लाल हा पोळपेक्षा व्यापक आहे, एवढंच नोंदवा. लिलावातला मूळ शब्दही जपा, तो पुसून टाकू नका.

गट नंबरलाच आयडी करणं

वाटणी झाली की गटाचे पोटहिस्से पडतात. तोच नंबर शेजारच्या गावातही असतो. एकाच गटात अर्ध्यात थॉमसन, अर्ध्यात सोनाका अशा द्राक्षाच्या दोन जाती, हेही नेहमीचंच. प्लॉटला स्वतःचा, कसलाही अर्थ नसलेला आयडी द्या. गट नंबर कधीपासून कधीपर्यंत लागू होता, ते वेगळं लिहा.

क्षेत्राचंही तसंच. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर-गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. फरक एवढासा, म्हणून गुंठे आणि आर सर्रास एकमेकांच्या कॉलममध्ये शिरतात. आकड्याशेजारी एकक हवंच.

द्राक्षाला नुसतं "वर्ष" असं फील्ड देऊ नका. ऑक्टोबर छाटणी एका वर्षात, काढणी पुढच्या वर्षात. दोन्ही तारखा ठेवा. आणि बाजार बंद असलेल्या दिवशी भाव ० लिहू नका. त्या दिवशी भाव निघालेलाच नसतो.

मॉडेल आधीच बिघडलं असेल तर

"सेम-अ‍ॅज"ने जोडलेल्या नोंदींचे गट काढा आणि सगळ्यात मोठ्या गटापासून तपासायला लागा. एका गटात दहा-बारा नावं दिसली, तर कुठेतरी एखादी चुकीची जोडणी असण्याची शक्यता मोठी. ती शोधताना बाजारातली हिशोबपट्टी समोर ठेवा आणि शंका आली की मापाऱ्याला विचारा.