तापाची तारीख आणि दोन बेंदूर

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी सातारा-सांगली भागातील तापाच्या सर्वेक्षणाच्या एका संयुक्त प्रकल्पात संशोधन साहाय्यक म्हणून रुजू झालो, तेव्हा साथीच्या आजारांवरील संशोधन म्हणजे पीसीआर यंत्रासमोर (नमुन्यातले विषाणूचे जनुकीय अंश ओळखणाऱ्या यंत्रासमोर) बसून करायचे काम, अशीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिले चार महिने माझ्या हाती फॉर्म, बर्फाच्या पिशव्या आणि थंड पेटी यांखेरीज काहीही नव्हते.

नव्याने येणाऱ्यांनी ही साखळी आधी समजून घ्यावी. आशाताई घरोघरी फिरून ताप येऊन गेलेली माणसे शोधतात, आरोग्य केंद्रात रक्त घेतले जाते, नमुना तीन आवरणांत बांधून प्रयोगशाळेत जातो आणि ज्यांनी ते गाव कधी पाहिलेले नसते असे संख्याशास्त्रज्ञ आपण भरलेल्या रकान्यांवरून निष्कर्ष काढतात. डेंग्यूच्या तपासणीत ताप आल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ प्रतिजन, म्हणजे विषाणूचेच एक प्रथिन, शोधतात; त्यापुढे आयजीएम प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिने, पाहावी लागतात आणि ती सहसा दोन-तीन महिने टिकतात. म्हणजे कोणती चाचणी लावायची, हे ताप आल्याच्या तारखेवर ठरते.

याच तारखेत मी चुकलो. मिरज तालुक्यातील एका गावात एका मावशींनी ताप 'बेंदराच्या दुसऱ्या दिवशी' आल्याचे सांगितले. मी साताऱ्यातल्या कोरेगावकडचा, आमचा बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, आषाढातला आणि तो नुकताच होऊन गेला होता. मी तीन दिवसांपूर्वीची तारीख लिहिली, प्रयोगशाळेने एनएस१ केली आणि अहवाल निगेटिव्ह आला. पडताळणीच्या वेळी आशाताई हसून म्हणाल्या, "अहो सर, आमच्यात कर्नाटकी बेंदूर असतोय." तो ज्येष्ठातला, म्हणजे तारीख महिनाभराने चुकली होती. साठवलेल्या सीरमवर (रक्तद्रवावर) आयजीएम केली, ती पॉझिटिव्ह निघाली. फॉर्मवर मात्र खाडाखोड करायची नसते. चुकीच्या नोंदीवर एक रेघ मारून, शेजारी दुरुस्ती, सही आणि दिनांक लिहायचा, हे मी त्या दिवशी शिकलो.

नळीवर बॉलपेनने लिहू नये, कारण बर्फातून काढल्यावर ओलाव्याने अक्षर पुसट होते. संमतिपत्र मराठीत वाचून दाखवावे आणि शोधनिबंधावर कोणाची नावे येणार, हे पहिल्याच बैठकीत विचारावे. नवख्याला संकोच वाटतो, पण नंतर विचारणे अधिक अवघड जाते.

साथ येण्याआधीची पूर्वतयारी म्हणजे काय, हे पाहण्यासाठी साताऱ्याबाहेर जावे लागत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, जी 1952 मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यांतील काहींत निपा विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. राज्यात निपाचा रुग्ण नसताना केलेले हे काम होते. 2021 मध्ये ही बातमी आल्यावर माझ्या नात्यातल्या लोकांनी महाबळेश्वरची सहल रद्द केली. प्रतिपिंडे मिळणे म्हणजे त्या प्राण्याचा कधीतरी विषाणूशी संबंध आल्याची खूण आणि जिवंत विषाणू मिळणे ही वेगळी गोष्ट, हे त्यांना समजावताना माझीच उजळणी झाली. गावकऱ्यांना अहवाल सांगतानाही हाच फरक सोप्या शब्दांत मांडता यावा लागतो.

आता कोणत्याही नव्या गावात पाय ठेवण्यापूर्वी मी आशाताईंकडून बाजाराचा वार, यात्रेची तिथी आणि तिथे कोणता बेंदूर पाळतात, हे विचारून फॉर्मच्या पहिल्या पानावर लिहून घेतो.