कायद्याच्या पुस्तकावर मत देण्याआधी

हक्कांवरच्या पुस्तकाबद्दल लिहिताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे विषयाला हात जोडायचे आणि गुण पुस्तकाला देऊन टाकायचे. विषय न्यायाचा आहे म्हणून पुस्तक चांगलं ठरत नाही. त्यातलं वाचून उद्या कुणीतरी पोलीस ठाण्याची पायरी चढणार असतं, म्हणून हे तपासणं महत्त्वाचं.

सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, आणलेलं असो की दुकानातून घेतलेलं, आधी आवृत्तीचं वर्ष बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी तीन नवे कायदे आले. त्यानंतरची आवृत्ती असली तरी लगेच निर्धास्त होऊ नका, कारण काही पुस्तकांत नुसते आकडे बदललेले असतात. एक सोपी चाचणी आहे. प्राथमिक माहिती अहवालाचं, म्हणजे एफआयआरचं, प्रकरण काढा. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १५४ आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १७३ झालं आहे. पण १७३ च्या पोटकलम ३ मध्ये एक नवी गोष्ट आहे: तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, पोलीस १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. पुस्तकात याचा उल्लेखच नसेल, तर लेखकाने नवा कायदा वाचलेला नाही असं बिनधास्त समजा. मात्र जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना दंड संहिताच लागू आहे.

दुसरी पायरी म्हणजे एकच दावा निवडायचा आणि मूळ मजकुराशी ताडून बघायचा. इंडिया कोडच्या संकेतस्थळावर केंद्रीय कायदे फुकट मिळतात. नाशिककरांसाठी याचं उत्तम उदाहरण घरचंच आहे. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. बरीच पुस्तकं तिथून थेट संविधानाच्या अनुच्छेद १७ वर उडी मारतात. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो हे खरंच, पण सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं हिंदूंमधल्या सर्व वर्गांना खुली करणारा कायदा करण्याची मुभा आहे अनुच्छेद २५ (२) (ख) मध्ये. आणि अनुच्छेद १५ (२) वाचा: दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. त्यात मंदिर नाही, स्नानघाट आहे. रामकुंडाच्या गावात राहून हा फरक पुस्तकात न सापडणं ही मोठी उणीव आहे. मधला १९४७ चा मुंबई हरिजन मंदिर प्रवेश कायदा आणि नंतरचा १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा कुठे येतात, तेही बघा. (हाच कायदा १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो.) कलम वाचताना ‘परंतु’ पाशी थांबायला शिका. अर्धा हक्क तिथेच वळण घेतो.

न्यायमूर्तींचं वाक्य उद्धृत केलं असेल तर ते बहुमताचं की विरोधी मताचं? आणीबाणीत स्थानबद्धतेला न्यायालयात आव्हान देता येतं का, या प्रश्नावरच्या १९७६ च्या जबलपूर प्रकरणात न्या. एच. आर. खन्ना यांचं मत विरोधी होतं, निकाल ४ विरुद्ध १ असा लागला होता. ते मत कितीही मोलाचं असलं तरी तोच त्या वेळचा निकाल होता असं छापणं म्हणजे वाचकाची दिशाभूल. तो बहुमताचा निकाल पुढे २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात रद्दबातल ठरला.

मग विचारा: हक्क डावलला गेला तर जायचं कुठे, हे पुस्तक सांगतं का? आमच्या मते पुस्तकाचा कस इथेच लागतो. वनहक्क कायदा, २००६ घ्या. सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या वाचकाला ‘कसेल त्याची जमीन’ एवढं पुरत नाही. १३ डिसेंबर २००५ ही ताब्याची तारीख, चार हेक्टरची मर्यादा, ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे ६० दिवसांत अर्ज, तिथून जिल्हा समितीकडे पुन्हा ६० दिवस, हे सगळं पुस्तकात हवं. नुसता २०१८ चा शेतकऱ्यांचा नाशिक-मुंबई लाँग मार्च रंगवून दाव्याची वाट न सांगणारं पुस्तक वर्णन म्हणून वाचावं, मार्गदर्शक म्हणून नाही, आणि अभिप्रायात तसं स्पष्ट लिहावं.

लिहिताना तीनशे-चारशे शब्द पुरतात. आवृत्ती, तुम्ही तपासलेला दावा पान क्रमांकासह, आणि पुस्तक कुणाच्या कामाचं, म्हणजे विद्यार्थ्याच्या, कार्यकर्त्याच्या की तारखेला जाणाऱ्या पक्षकाराच्या, एवढं आलंच पाहिजे. ‘प्रत्येकाने वाचावं’ हे वाक्य टाळा. चूक सापडली तर लेखकाच्या हेतूवर जाऊ नका, बरोबर कलम तिथेच लिहा.

पुस्तक न्यायालयातल्या दिरंगाईबद्दल असेल तर मत देण्याआधी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात एक सकाळ बसा. काही प्रकरणं बंद दाराआड चालतात, ती सोडता कामकाज खुलं असतं. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, किती प्रकरणं आहेत, किती पुकारली जातात आणि कशासाठी पुढची तारीख पडते, साक्षीदार नाही, समन्स बजावलं नाही की वकिलांचा अर्ज, हे वहीत टिपा. नंतर पुस्तकातलं दिरंगाईच्या कारणांचं प्रकरण उघडा आणि यातली कोणती कारणं लेखकाने धरली आहेत ते मोजा.