खानदेशातून सर्फिंगच्या सहलीला निघताना

सर्फिंगची, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याच्या खेळाची, सहल आखताना बहुतेक लोक आधी गाव ठरवतात, मग राहण्याची जागा शोधतात आणि समुद्राची चौकशी सर्वांत शेवटी करतात. हा क्रम उलटा केला, तर पैसे आणि सुट्टी दोन्ही वाचतात. लाटांचे मान ऋतूप्रमाणे बदलते, आणि खानदेशातील नोकरदार किंवा शाळकरी मुले असलेल्या घरांना सलग मोठी सुट्टी मिळते ती प्रामुख्याने दिवाळीत आणि मे महिन्यात. त्यामुळे आधी सुट्टीची तारीख धरावी आणि तिला साजेसा किनारा निवडावा. सुदैवाने या दोन्ही सुट्ट्यांसाठी दोन वेगवेगळे किनारे आहेत, आणि दोन्हीकडे जाणारी थेट रेल्वेगाडी जळगाव-भुसावळहून मिळते.

दिवाळीच्या किंवा हिवाळ्याच्या सुट्टीसाठी पश्चिम किनारा निवडावा. जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्र खवळलेला असतो आणि नवशिक्याने त्यात उतरू नये. पाऊस ओसरल्यानंतर मात्र लाटा लहान आणि सौम्य होत जातात. कर्नाटकातील मुलकी हे गाव मंगळूरच्या उत्तरेस सुमारे 30 किलोमीटरवर असून तेथून जवळच, सासिहित्लू येथे, शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात. भारतातील सर्फिंग प्रशिक्षणाची सुरुवातीची केंद्रे याच परिसरात उभी राहिली, त्यामुळे शिकवणारे अनुभवी लोक येथे सापडतात. दिल्लीहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भुसावळ आणि जळगावला थांबून कोकण रेल्वेमार्गे उडुपी व मंगळूर जंक्शनला जाते. या दोहोंपैकी कोठेही उतरून मुलकीला रस्त्याने पोहोचता येते.

मे महिन्यात जायचे असल्यास तमिळनाडूचा किनारा अधिक योग्य ठरतो. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटरवर असलेले कोवळम हे मच्छीमारांचे गाव आज सर्फिंगसाठी देशभर ओळखले जाते. उन्हाळ्यात येथे दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा चांगल्या असतात, तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा पावसाचा आणि वादळांचा काळ असल्याने दिवाळीत या बाजूस जाऊ नये. अहमदाबाद-चेन्नई नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, जळगाव आणि भुसावळ येथून मिळते, त्यामुळे नंदुरबारकरांना तर गाडी बदलण्याचीही गरज नाही. केरळमध्येही कोवळम नावाचे प्रसिद्ध पर्यटनस्थळ आहे. खोली आरक्षित करताना राज्याचे नाव दोनदा वाचावे. भुसावळचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला चेन्नईचे तापमान किरकोळ वाटेल, परंतु तेथील दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीरातील पाणी किती कमी झाले हे लवकर लक्षात येत नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी आणि बाहेर आल्यानंतर मीठ-साखरेचे पाणी घ्यावे.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी खुले होते. दिवाळीच्या तारखा वर्षभर आधी ठाऊक असतात, तेव्हा आरक्षण खुले होण्याचा दिवस दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि ते ऑक्टोबरातही लागू असते, म्हणून गाडीची वेळ प्रवासाच्या तारखेनुसारच तपासावी. उतरण्याची वेळ रात्रीची असेल, तर ती रात्र स्टेशनजवळच काढणे सोयीचे.

यानंतरची तयारी घरीच करायची आहे आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याकडे अनेकजण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले असतात. त्या पोहण्याने पाण्याची भीती जाते, हा मोठा लाभ आहे. पण विहिरीचे पाणी स्थिर असते, काठ हाताशी असतो आणि सलग अंतर कापण्याची सवय तेथे लागत नाही. सहलीपूर्वी किमान दोन महिने जलतरण तलावावर जाऊन न थांबता 200 मीटर पोहण्याइतका दम तयार करावा. ज्याला अजिबात पोहता येत नाही, त्याने त्या वर्षी पोहणे शिकावे आणि सर्फिंग पुढच्या वर्षावर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे, मग प्रशिक्षक काहीही म्हणोत.

दुसरा सराव फळीवर उभे राहण्याचा, तो गच्चीवर सतरंजी अंथरून करता येतो. पालथे झोपावे, दोन्ही तळहात छातीच्या बरगड्यांजवळ टेकवावेत, हात सरळ करून छाती उचलावी आणि एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली आणून उभे राहावे. गुडघे टेकून उठण्याची सवय लागू देऊ नये, कारण ती पुढे मोडत नाही. उभे राहिल्यावर गुडघे वाकलेले, पाय खांद्याइतके लांब आणि नजर समोर असावी. नजर पायांकडे गेली की तोल त्याच दिशेने जातो. कोणता पाय मागे राहतो हे याच सरावात कळते, आणि फळी आपल्याला जोडून ठेवणारी दोरी त्याच पायाला बांधायची असते.

प्रशिक्षण केंद्राला फोन करताना केवळ दर विचारू नये. एका प्रशिक्षकाकडे किती शिकाऊ असतात, प्रशिक्षकाने जीवरक्षणाचे प्रशिक्षण घेतले आहे काय, दरात फळी आणि अंगाला चिकटून बसणारा लांब बाह्यांचा टीशर्ट समाविष्ट आहे काय, आणि समुद्र खवळला तर पैसे परत मिळतात की दिवस बदलून मिळतो, हे सारे आधीच विचारावे. शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली, तर दुसरे केंद्र शोधावे. स्वतःची फळी विकत घेण्याची घाई करू नये. नवशिक्याला आठ-नऊ फुटांची मऊ पृष्ठभागाची फळी लागते आणि ती केंद्रावर मिळते.

सहलीचे दिवस ठरवताना पाण्यात उतरण्यासाठी किमान चार सकाळी हाताशी ठेवाव्यात. सकाळीच का, याचे कारण वाऱ्यात आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे पहाटेच्या लाटा नीट घडीच्या असतात. ऊन चढले की वारा उलटतो आणि पाणी विस्कटते. पहिल्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात, फुटून फेसाळलेल्या लाटेवरच सराव होतो. फळी कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरू नये, आणि पडल्यावर दोन्ही हातांनी डोके झाकून वर यावे. तिसऱ्या दिवशी खांदे आणि बरगड्या इतक्या दुखतात की विश्रांती घ्यावीच लागते. मुलकीला गेलेल्यांनी उडुपीचा श्रीकृष्ण मठ त्या दिवसासाठी ठेवावा.

समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहाची, म्हणजे रिप करंटची, माहिती निघण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला द्यावी. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत आणि गडद दिसला, तर तो पोहण्यास सोयीचा समजू नये. पाणी बहुधा तेथूनच आत परतत असते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न राहता किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे, आणि फळी सोडू नये, कारण ती तरंगते. हैदराबाद येथील इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था उंच लाटांचे इशारे प्रसिद्ध करते. ते रोज रात्री पाहावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो, तेव्हा त्या दिवसांची वेळ प्रशिक्षकाच्या सांगण्यावरूनच ठरवावी.

खाण्याची चिंता शाकाहारी मंडळींनी करू नये, उडुपीच्या परिसरात तर नाहीच. गाडीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरेशी आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी पोट जड असू नये, कारण फळीवर पालथे पडून हात मारायचे असतात. एखादे केळे खाऊन जावे आणि भरपेट न्याहारी परतल्यावर करावी.

परदेशाचा विचार दुसऱ्या सहलीच्या वेळी करावा. श्रीलंकेतील वेलिगामाचा वाळूचा उपसागर नवशिक्यांना मानवतो आणि त्या दक्षिण किनाऱ्याचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो. पूर्वेकडील अरुगम बे येथे तो साधारण एप्रिलपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालतो. पासपोर्ट तयार नसेल, तर त्याचा अर्ज मुलकीहून परतल्यावर लगेच करावा, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत तो हाती असेल.