मिनायफाय एजंटची कंटेनर इमेज: या चुका टाळा

मिनायफाय म्हणजे अपाचे नायफाय या डेटा वाहून नेणाऱ्या प्रणालीचा छोटा साथीदार, डेटा तयार होतो तिथेच तो गोळा करणारा. त्याचा सी प्लस प्लस एजंट डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं. प्रोग्रॅम, त्याचा डेटा आणि त्याची ओळख हे सगळं एकाच इमेजमध्ये कोंबलेलं असतं. इमेजमध्ये फक्त प्रोग्रॅम आणि लागतील तेवढीच एक्स्टेन्शन ठेवा. फ्लोची फाइल (डेटा कुठून कुठे न्यायचा ते सांगणारी ‘कॉन्फिग.वायएमएल’), सर्टिफिकेटं, एजंटचा आयडी आणि रिपॉझिटरी (एजंट आपला डेटा साठवतो त्या जागा) बाहेरून द्या.

कॉन्फिगची फाइल माउंट करताना

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. ‘डॉकर रन’ला ‘-व्ही’ (बाहेरची फाइल किंवा फोल्डर कंटेनरला जोडणारा पर्याय) देताना होस्टवरच्या, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या मशीनवरच्या, पाथमध्ये एक अक्षर जरी चुकलं, तरी डॉकर त्यावर हरकत घेत नाही. तो त्या नावाचा रिकामा फोल्डर बनवून मोकळा होतो. मग फाइलच्या जागी डिरेक्टरी माउंट करताय का, अशा अर्थाचा एरर येऊन कंटेनर सुरूच होत नाही. एरर पाहून खरी फाइल तिथे कॉपी करायला जावं, तर ती ‘कॉन्फिग.वायएमएल’ नावाच्या त्या फोल्डरच्या आत जाऊन बसते आणि एरर तसाच राहतो. आधी तो फोल्डर काढून टाका. पुढे ‘-व्ही’ऐवजी ‘--माउंट टाइप=बाइंड’ वापरा. त्यात होस्टवर पाथ नसेल तर डॉकर लगेच थांबतो.

एकटी फाइल माउंट केली की आणखी एक घोळ होतो. अनेक एडिटर सेव्ह करताना जुनी फाइल बाजूला सारून त्याच नावाने नवी लिहितात. कंटेनर मात्र जुन्याच फाइलला धरून असतो, त्यामुळे बदल दिसत नाही. म्हणून अख्खा ‘कॉन्फ’ फोल्डर माउंट करणं बरं. पण रिकामा फोल्डर माउंट केलात तर इमेजमधल्या प्रॉपर्टीज आणि लॉगच्या फाइली झाकल्या जातील. त्या आधी ‘डॉकर सीपी’ने होस्टवर काढून घ्या. सी-टू सर्व्हरवरून (एजंटना दुरून सूचना देणारा ‘कमांड अँड कंट्रोल’ सर्व्हर) फ्लो अपडेट होणार असेल तर हा माउंट रीड-ओन्ली ठेवू नका, एजंटला तिथे लिहावं लागतं.

परवानग्या

अधिकृत इमेजमध्ये एजंट रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालत नाही, त्याचा यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) १००० असतो. होस्टवरचा फोल्डर रूटच्या मालकीचा असेल तर ‘परमिशन डिनाइड’ ठरलेलंच. त्यावर ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणं, हा उपाय नव्हे. फोल्डरची मालकी १०००:१००० करा. कुबरनेटीसवर (अनेक कंटेनर सांभाळणारी प्रणाली) एफएसग्रुप, म्हणजे फोल्डरचा गट, १००० द्या. स्वतःची इमेज बांधताना डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधण्याच्या सूचनांची फाइल) ‘यूझर’ची ओळ आधी असली तरी ‘कॉपी’ने आलेल्या फाइली रूटच्याच राहतात, म्हणून ‘कॉपी --चाऊन’ लिहा. नंतर वेगळ्या ‘रन’ ओळीत मालकी बदललीत तर त्या सगळ्या फाइली नव्या लेयरमध्ये (इमेजच्या थरात) पुन्हा साठतात आणि इमेज फुगते.

रिपॉझिटरी

फ्लोफाइल (रांगेतल्या नोंदी), कंटेंट (प्रत्यक्ष मजकूर) आणि प्रोव्हेनन्स (डेटाच्या प्रवासाचा इतिहास) या तिन्ही रिपॉझिटरींना व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेर टिकणारी साठवण, हवा. नाहीतर कंटेनर काढून टाकला की रांगेत थांबलेला डेटाही गेला. मात्र एकच व्हॉल्यूम दोन एजंटना देऊ नका. खाली रॉक्सडीबी हा डेटाबेस असतो आणि तो लॉक फाइल धरून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या एजंटला ती रिपॉझिटरी उघडताच येत नाही. आयडीचंही तसंच आहे. तो इमेजमध्ये पक्का लिहिला तर दहा एजंट सर्व्हरला एकच वाटतात.

बिल्ड

बिल्ड स्टेज उबुंटूवर आणि रनटाइम स्टेज अल्पाइनवर, ही जोडी जमत नाही. पहिल्यात जीलिबसी ही सी लायब्ररी आहे, दुसऱ्यात मसल. बायनरी फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर दिसते, तरी शेल ‘नॉट फाउंड’ म्हणतो, कारण तिला लागणारा लोडर (बायनरी आणि तिच्या लायब्ररी मेमरीत चढवणारा प्रोग्रॅम) तिथे नसतो. दोन्ही स्टेजचा बेस एकच ठेवा. कंपाइल चालू असताना ‘किल्ड’ दिसलं तर मेमरी संपली आहे. ४ जीबीच्या मशीनवर समांतर जॉब २ वर आणा. लॅपटॉपवर बांधलेली इमेज रास्पबेरी पायवर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देत असेल तर ती पायच्या आर्म प्रोसेसरसाठी बिल्डएक्स या डॉकरच्या साधनाने बांधावी लागेल.

पासवर्ड किंवा प्रायव्हेट की इमेजमध्ये कॉपी करून पुढच्या ओळीत डिलीट करण्याला काही अर्थ नाही. मागच्या लेयरमध्ये ती तशीच असते.

सुरू होणं, थांबणं

एंट्रीपॉइंटमध्ये (कंटेनर सुरू होताच चालणारी आज्ञा) ‘मिनायफाय.एसएच स्टार्ट’ दिलंत तर एजंट बॅकग्राउंडला जातो आणि कंटेनर लगेच बंद पडतो. तिथे ‘रन’ हवं, तेही चौकटी कंसातल्या एक्झेक पद्धतीने. शेल पद्धतीने लिहिल्यास थांबण्याचा सिग्नल एजंटपर्यंत पोचेलच असं नाही. मग ‘डॉकर स्टॉप’ १० सेकंद वाट पाहून त्याला मारून टाकतो आणि एक्झिट कोड १३७ दिसतो. ‘डॉकर लॉग्ज’ रिकामं येत असेल तर लॉग कंटेनरच्या आतल्या फाइलीत चालले आहेत. लॉगच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलीत लिहिणाऱ्या रोलिंगऐवजी एसटीडीएररचा अपेंडर (लॉग कुठे लिहायचा ते ठरवणारा भाग) लावा.

जोडणी झाली, पण डेटा जात नाही

साइट-टू-साइटमध्ये (एजंट आणि नायफाय यांच्यातली डेटा पाठवण्याची पद्धत) पहिला संपर्क नीट होतो आणि पुढे सगळं अडतं. कारण नायफाय एजंटला डेटासाठी स्वतःचा पत्ता सांगतो. नायफायही कंटेनरमध्ये असेल आणि वेगळं काही सांगितलं नसेल, तर हा पत्ता म्हणजे त्याचं होस्टनेम, म्हणजेच १२ अक्षरांचा कंटेनर आयडी असतो. दुसऱ्या मशीनवरच्या एजंटला ते नाव कुठेच सापडत नाही. एजंटच्या लॉगमध्ये असं हेक्स नाव दिसलं की दुरुस्ती एजंटकडे नाही, नायफायकडे करायची. तिथे रिमोट इनपुट होस्टला एजंटकडून पोचता येईल असं नाव द्या. रॉ सॉकेट वापरत असाल तर त्याचा पोर्ट, अधिकृत इमेजमध्ये मुळात १००००, बाहेर उघडा. टीएलएस असेल तर तेच नाव सर्टिफिकेटमध्येही असलं पाहिजे.