रिडक्शन बॉक्सचं झाकण बसण्याआधी कॅमेरा घेऊन जा

घरी बांधलेल्या विमानात गाडीचं इंजिन बसवलंय आणि त्यावर माहितीचा व्हिडिओ करायचाय, तर पहिला फोन विमान बांधणाऱ्याला करा आणि एवढंच विचारा: रिडक्शन बॉक्सचं, म्हणजे इंजिनाचा वेग कमी करून प्रोपेलरला देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, झाकण कधी बसणार? कॅमेरा, दिवे, स्क्रिप्ट सगळं त्यानंतर. गेल्या वर्षी मी हा फोन केला नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या शेडमध्ये पोहोचलो तेव्हा विमान बांधणाऱ्या मामांनी शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून, दातांमधली फट डायलवर मोजून, सीलंट लावून झाकण आवळलं होतं. "आता खोलायचं म्हणजे सगळं परत जुळवायचं," म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. मी कागदावर दोन वर्तुळं काढून समजावलं. व्हिडिओ बघून ओळखीतल्या चार-पाच जणांनी विचारलं, मग प्रोपेलर पण साडेपाच हजारानं फिरतो का? सगळा व्हिडिओ ज्या एका गोष्टीसाठी केला होता, तीच पोहोचली नव्हती.

ती गोष्ट अशी. मामांनी बसवलेल्या मारुती एस्टीम गाडीच्या १२९८ सीसी इंजिनाची खरी ताकद पाच-साडेपाच हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे मिळते. ६८ इंची प्रोपेलर त्या वेगानं थेट फिरवला तर पात्याचं टोक सेकंदाला जवळजवळ ५०० मीटर जाईल. आवाजाचा वेग ३४० मीटरच्या आसपास. टोक आवाजाच्या पुढे गेलं की ताकद ओढ देण्याऐवजी गोंगाटात जाते आणि पात्यावर भलता ताण येतो. मध्ये २.२ ला १ असं रिडक्शन घातलं की ५५०० चे २५०० होतात आणि टोक २२५ मीटरवर येतं. हे बोलून कळत नाही, दाखवावं लागतं, आणि दाखवायचं तर झाकण उघडं हवं.

शॉट आधीच ठरवून ठेवा. बॅटरी काढलेली, प्लग काढलेले, प्रोपेलर अजून लावलेला नाही. दोन्ही गिअरच्या एकेका दातावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्या. पान्यानं क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हळू फिरवा. लहान गिअरच्या ११ फेऱ्या झाल्या की मोठ्याच्या बरोबर ५ होतात. कट न करता पूर्ण घ्या. गिअर असतील तर दिशा उलटते, बेल्ट असेल तर तीच राहते, हेही तिथंच सांगून टाका. मग इंजिन आणि बॉक्स यांना जोडणारं रबर कपलिंग जवळून घ्या. चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या प्रत्येक फेरीत दोन धक्के देतं. गाडीत ते क्लच प्लेटच्या स्प्रिंगा पचवतात. इथं कपलिंग नसेल तर दातांवर बसतात, आणि एखाद्या ठरावीक आरपीएमला कंपनं वाढत जाऊन शाफ्टसुद्धा तुटू शकतो. कपलिंगही झाकण बसलं की दिसत नाही, म्हणून तेही त्याच दिवशी. फोकस मोठ्या स्क्रीनवर तपासा आणि मगच मामांना म्हणा, आता बसवा झाकण.

म्हणजे शूट दोन दिवसांचं धरा. एका दिवसात उरकू म्हणालात की बॉक्सचा शॉट गेलाच.

इंजिन चालवायचा दिवस आमच्या शेडच्या सुट्टीचा, म्हणजे सोमवारचा ठेवा. शेजारचा ग्राइंडर बंद असतो. बोलायचं ते इंजिन बंद असताना बोलून घ्या. इंजिनाचा आवाज वेगळ्या माइकवर, लेव्हल हातानं कमी करून. ऑटोवर ठेवलात तर नुसती खरखर मिळेल. शटर १/५० ठेवा, नाहीतर प्रोपेलर केळ्यासारखा वाकडा दिसतो आणि लोकांना तो खरंच वाकलाय असं वाटतं. उन्हात त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, लागतो. चार्जिंग, कार्ड, ट्रायपॉड सांगायला नको.

एक कॅमेरा फक्त मीटरवर. गाडी हायवेवर इंजिनाची थोडीच ताकद वापरते, विमान मात्र चढताना मिनिटं-मिनिटं जवळजवळ पूर्ण ताकद मागतं, म्हणून रेडिएटर पुरतो का हा प्रश्न विमानात जास्त कडक. फुल थ्रॉटलला पाण्याचं तापमान कसं चढतं ते सलग दिसू द्या. शिवाय एकच ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आणि एकच बॅटरी असेल तर ते झाकू नका. विमानाच्या इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग आणि बॅटरीशिवाय ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. इथं काय सोय केली, हे मामांच्या तोंडून येऊ द्या.

सुरक्षेत मला कुणाशी वाद घालायचा नाही. चाकांना ठोकळे, शेपटी साखळीनं खांबाला, दोन फायर एक्स्टिंग्विशर भरलेले. प्रोपेलर फिरतो त्या रेषेत, डावीउजवीकडे, कुणीही उभं राहायचं नाही. जमिनीवर फक्कीची रेघ मारा आणि पोरांना तिच्या आत येऊ देऊ नका. लेन्स कॅप, गमछा, सुटे कागद खिशात. प्रोपेलर समोरचं ओढतो. इग्निशन बंद असलं तरी प्रोपेलरला हात लावायचा नाही, फोटोसाठी तर नाहीच.

ड्रोन उडवायचा विचार असेल तर उजळाईवाडीचा, म्हणजे कोल्हापूरचा, विमानतळ जवळ आहे. डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा ड्रोनचा नकाशा बघा, परवानगी नसेल तर ड्रोन घरी ठेवा. आणि ही जमिनीवरची चाचणी आहे, उड्डाण नाही, हे व्हिडिओत स्पष्ट म्हणा. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत गच्चीवर विमान बांधलं, त्यांनाही उड्डाणाच्या परवान्यासाठी २०१९ पर्यंत थांबावं लागलं. बघून कुणा पोरानं थेट उडवायला घेऊ नये.

एडिटिंगला संगीत कमी, आकडे मराठीत स्क्रीनवर, फुटेजची दुसरी प्रत त्याच रात्री. टाकण्याआधी मामांना पूर्ण दाखवा, आकडा चुकला असेल तर तेच पकडतील. पहिल्या दोन मिनिटांत उघडा बॉक्स दिसला नाही, तर परत एडिटला बसा.