आधी रांग, मग धाव
गोल्फ क्लब मैदानावर फुटबॉल शिकणाऱ्या पोरांना मी पहिलं हेच सांगतो: बॉलमागे झुंबड नको, रांग सांभाळा. चार-चार जणांच्या दोन रांगा, एक बचावाची, एक मधली; दोन्हींत अंतर १०-१२ मीटर. बॉल डावीकडे गेला की अख्खी रांग डावीकडे सरकते. समोरच्या टीमचा पलीकडचा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा, मोकळा राहतो, राहू दे. लांब पास हवेत असेपर्यंत आपण तिथं पोचतो. बॉल हिसकावला की पहिला पास पुढे, आडवा नाही. इंग्लंडच्या लेस्टर सिटीने २०१५-१६ची प्रीमियर लीग अशाच ४-४-२ वर (चार बचावाला, चार मधे, दोन स्ट्रायकर पुढे) मारली: मधल्या रांगेतला कान्ते बॉल काढायचा, स्ट्रायकर वार्डी समोरच्यांच्या बचावामागच्या मोकळ्या जागेत सुटायचा. पावसाळ्यात आपल्याकडे चिखलात बॉल रुततो, तेव्हा पास हवेतून उचलूनच द्या. आणि दोन्ही स्ट्रायकर खाली ओढू नका. एक तरी वर ठेवा, नाहीतर पास देणार कुणाला?