आयओटॉपचा कॉलम कोरा दिसला म्हणून कर्नल बदलू नका भो

जळगाव, धुळे, भुसावळकडून लिनक्स ॲडमिनच्या पहिल्या नोकरीला लागणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. टॉप, पीएस, आयओस्टॅट येतं असं धरतो.

आयओस्टॅट डिस्क बिझी आहे एवढंच सांगतं, कोणती प्रोसेस खातेय ते बघायला आयओटॉप नाहीतर पिडस्टॅट -डी लागतं. रेड हॅट 8 वर सगळे कॉलम नीट दिसायचे, 9 वर गेलो आणि आयओटॉपचे स्वॅपइन आणि आयओ टक्के या दोन कॉलममधले आकडे गायब, खाली मेसेज की कर्नलमध्ये डिले अकाउंटिंग (प्रोसेस डिस्क, स्वॅपसाठी किती वेळ ताटकळली त्याची मोजणी) चालू नाही. आमच्या एमआयडीसीतल्या कंपनीत सीनियर लगेच म्हणे, "काय भो, सोपं आहे, नवा कर्नल कंपाइल करून टाक." असल्या गुरूंपासून चार हात लांब राहा. स्वतः कंपाइल केलेला कर्नल टाकला की व्हेंडरचा सपोर्ट गेला, मग प्रॉडक्शन बसलं तर केस कोणाकडे टाकणार?

आधी बूट डिरेक्टरीतली कर्नलची कॉन्फिग फाइल ग्रेप करा, डिले अकाउंटिंगचा ऑप्शन चालूच सापडेल. भानगड अशी की 2021 च्या 5.14 कर्नलपासून ही मोजणी डीफॉल्टला बंद असते आणि रेड हॅट 9 त्याच 5.14 वर आहे. सिसकंट्रोलने कर्नल.टास्क_डिलेअक्ट ला 1 द्या, रिबूट पण नको.

आणि इथंच खरी मेख आहे, नीट वाचा. मोजणी चालू केल्यानंतर ज्या प्रोसेस सुरू होतात फक्त त्यांचाच डिले मोजला जातो. तुमचा डेटाबेस आधीपासून चालू असेल तर तो डिस्कसाठी कितीही ताटकळत असला तरी समोर शून्यच, आणि तुम्ही त्याला सोडून बिचाऱ्या बॅकअपच्या मागे लागणार. कोरा कॉलम निदान शंका तरी आणतो, शून्य बघून माणूस निवांत होतो. पिडस्टॅटचा आयओडिले कॉलम पण तिथूनच येतो, म्हणून टूल बदलून उपयोग नाही. डाउनटाइम मागा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर ग्रबीने बूटच्या पॅरामीटरमध्ये डिलेअक्ट टाका म्हणजे पुढच्या रिबूटपासून सगळंच मोजलं जाईल.

घाबरू नका पण, रीड-राईटच्या स्पीडचे कॉलम यावर अवलंबून नाहीत, ते आधीपासून बरोबर असतात. फक्त राईट प्रोसेसच्या नावावर पडतं ते मेमरीतलं पान डर्टी होतं (म्हणजे बदलतं, पण डिस्कवर अजून लिहिलेलं नसतं) तेव्हा, डिस्कवर नंतर जातं, त्यामुळे आयओटॉपच्या वरचे टोटल आणि ॲक्च्युअल आकडे जुळले नाहीत तर बावचळू नका.

कर्नलचा नंबर बघून हे फीचर आहे-नाही ठरवणं पण सोडा, व्हेंडर नवीन गोष्टी जुन्याच नंबरात बॅकपोर्ट करून आणतो.

अजून एक, सार म्हणजे सिस्टिमचे जुने आकडे दाखवणारं टूल, पण प्रोसेसनिहाय हिस्टरी त्यात मिळत नाही. रात्री डिस्क अडकत असेल तर संध्याकाळीच पिडस्टॅट -डी लावून आउटपुट फाइलमध्ये घ्या, रूटनेच चालवा, नाहीतर दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचे आकडे मिळणार नाहीत.